नाय बेव्हनने डॉक्टरांना जास्तच दिलं का? (ब्रिटनची आरोग्यसेवा, १९४५ ते १९५१)

रानजाई

सार्वजनिक आरोग्याचा विषय निघाला की ब्रिटनचं उदाहरण येतंच. पण "बेव्हनने १९४८ साली सगळ्यांना मोफत उपचार दिले" या वाक्यापाशी चर्चा थांबते. मला त्यामागच्या सौद्याबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अनायरिन बेव्हन, सगळे म्हणायचे नाय. जन्म १५ नोव्हेंबर १८९७, वेल्समधलं ट्रेडेगर. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि कोळशाची खाण सुरू झाली. १९२९ पासून मरेपर्यंत एबू व्हेलचा खासदार. ३ ऑगस्ट १९४५ ला पंतप्रधान ॲटलींनी त्याला आरोग्यमंत्री केलं तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. मंत्रिमंडळात सर्वांत तरुण, आणि त्याआधी एकही मंत्रिपद सांभाळलेलं नाही. राष्ट्रीय आरोग्यसेवेचा (एनएचएस) कायदा ६ नोव्हेंबर १९४६ ला झाला, सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली.

आता त्याने काय काय सोडलं ते बघा. फॅमिली डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत, करार करणारे स्वतंत्र व्यावसायिक राहिले. रुग्णालयातल्या तज्ज्ञांना (कन्सल्टंट) अर्धवेळ सरकारी काम करून उरलेल्या वेळात खासगी प्रॅक्टिसची मुभा मिळाली, तीही सरकारी रुग्णालयातच, पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या खाटांवर. वर साधारण एक तृतीयांश तज्ज्ञांना गुणवत्तेचा जादा भत्ता. तो कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख लॉर्ड मोरन, म्हणजे स्वतः डॉक्टरच.

बेव्हनच्या मजूर पक्षाचे ३९३ खासदार होते. एवढं बहुमत पाठीशी असताना इतकं सोडायची गरज नव्हती, निदान खासगी खाटा तरी, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

खडीसाखर

हा बेव्हन आणि परराष्ट्रमंत्री बेव्हिन एकच का? कायम गोंधळ होतो.

तिठा

@खडीसाखर, नाही. आणि खरं तर गोंधळ तिघांचा आहे.

अर्नेस्ट बेव्हिन: वाहतूक कामगारांच्या प्रचंड युनियनचा नेता, युद्धकाळात कामगारमंत्री, १९४५ नंतर परराष्ट्रमंत्री. युद्धात सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत पाठवलेली पोरं ती 'बेव्हिन बॉइज'. १९४१ पासून भारतीय कामगारांना तांत्रिक प्रशिक्षणासाठी ब्रिटनला नेणारी योजनाही याच्याच नावाची.

विल्यम बेव्हरिज: १९४२ च्या सामाजिक विम्याच्या अहवालाचा लेखक. हा लिबरल होता. जन्म बंगालमधल्या रंगपूरचा.

अनायरिन बेव्हन: धाग्याचा विषय.

बेव्हन आणि बेव्हिन एकाच पक्षाचे, पण दोघांचं जन्मात पटलं नाही. "नाय स्वतःचाच सर्वांत मोठा शत्रू आहे" असं कुणीतरी म्हणालं, तर बेव्हिन म्हणाला, "मी जिवंत असेपर्यंत नाही!" हाच किस्सा त्यांच्याच पक्षातल्या हर्बर्ट मॉरिसनच्या नावावरही सांगतात, त्यामुळे किस्सा म्हणूनच घ्या.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाकडे जायचं तर आधी हातात काय होतं ते बघू, मग काय सोडलं ते.

इंग्लंड-वेल्समध्ये दोन प्रकारची रुग्णालयं होती. १,१४३ धर्मादाय रुग्णालयं, त्यांत सुमारे ९०,००० खाटा. आणि नगरपालिका-काउंटीची १,५४५, त्यांत सुमारे ३,९०,००० खाटा. धर्मादायवाल्यांमध्ये लंडनच्या नामांकित संस्थांपासून दहा-बारा खाटांच्या खेड्यातल्या रुग्णालयापर्यंत सगळं होतं, आणि बहुतेकांची तिजोरी रिकामी. नगरपालिकेची बरीचशी जुन्या गरीबखान्यांतून आलेली. १९३९ ला बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने सरकारने आणीबाणीची वैद्यकीय सेवा उभी केली आणि दोन्हींतल्या खाटा पैसे मोजून राखून ठेवल्या. त्या मोजणीत पहिल्यांदा व्हाइटहॉलच्या, म्हणजे लंडनमधल्या सरकारी खात्यांच्या, कागदावर आलं की कुठे सर्जन आहे आणि कुठे नुसती इमारत आहे.

युद्धकाळातल्या संयुक्त सरकारचा आरोग्यमंत्री विलिंक (हुजूर पक्ष) याने १९४४ च्या श्वेतपत्रिकेत सर्वांसाठी सेवेचं तत्त्व मांडलं होतंच. पण त्यात मालकी जिथल्या तिथे राहणार होती. बेव्हनची स्वतःची कल्पना म्हणजे सगळीच्या सगळी २,६८८ रुग्णालयं सरकारजमा करायची, धर्मादाय आणि नगरपालिकेची दोन्ही. वर १४ प्रादेशिक मंडळं, खाली व्यवस्थापन समित्या, आणि ३६ अध्यापन रुग्णालयांची वेगळी मंडळं थेट मंत्र्याच्या हाताखाली.

याला पहिला विरोध डॉक्टरांचा नाही, घरातलाच झाला. हर्बर्ट मॉरिसन लंडन काउंटी कौन्सिलमधून वर आलेला. ऑक्टोबर १९४५ मध्ये मंत्रिमंडळात तो अडून बसला की नगरपालिकांची रुग्णालयं काढून घेऊ नका. बेव्हनचं उत्तर पैशाचं होतं: स्थानिक करावर रुग्णालय चालवलं तर श्रीमंत गावाचं चांगलं चालतं, खाणीच्या गावाचं बुडतं. ॲटलींनी बेव्हनच्या बाजूने कौल दिला.

तज्ज्ञ डॉक्टरांना नगरपालिकेच्या हाताखाली काम करायचंच नव्हतं. म्हणजे राष्ट्रीयीकरणाने त्यांचा अर्धा राग आधीच गेला. त्यामुळे 'काय सोडलं' या यादीत हे मोठं घेणंही मांडा.

उंबरठा

हिशेबनीस, उत्तम. फॅमिली डॉक्टरांच्या बाजूची एक गोष्ट धाग्यात अजून आली नाही: दवाखान्याची विक्री.

तेव्हा ब्रिटनमध्ये दवाखाना म्हणजे विकायची वस्तू होती. निवृत्त होणारा डॉक्टर जागा, फर्निचर आणि पेशंटांची यादी गुडविलसकट विकायचा. तरुण डॉक्टर कर्ज काढून ती घ्यायचा, वर्षानुवर्षं फेडायचा, आणि शेवटी स्वतः विकून त्यावर म्हातारपण काढायचा. बेव्हनने विक्री बंद केली. कारण सरळ: यादी विकत घेता येत असेल तोवर डॉक्टर पैसेवाल्या उपनगरात गोळा होणार, आणि पेशंट हा माल राहणार.

त्या बदल्यात ६ कोटी ६० लाख पौंडांची भरपाई ठेवली. पण ती लगेच हातात नाही, निवृत्तीला किंवा मृत्यूनंतर. कर्जात बुडालेल्या तरुण डॉक्टरला याचा जाच झाला. शिवाय एक समिती नेमली, जी डॉक्टरांची गर्दी असलेल्या भागात नव्याला यादी उघडायला नकार देऊ शकायची. कुणाला कुठे 'जा' म्हणायचा अधिकार नाही, फक्त 'इथे नको' म्हणायचा. आणि एका डॉक्टरच्या यादीत जास्तीत जास्त ४,००० माणसं.

याला "डॉक्टरांना सगळं दिलं" म्हणता येत नाही.

काळा कातळ

फॅमिली डॉक्टरांच्या बाबतीत मान्य. पण बीएमएची (ब्रिटिश मेडिकल असोसिएशन) ताकद केवढी होती तेही आकड्यांत येऊ द्या. फेब्रुवारी १९४८, म्हणजे सेवा सुरू व्हायला पाच महिने उरलेले. सदस्यांचा कौल: विरोधात ४०,८१४, बाजूने ४,७३५. पाच महिन्यांनी रुग्णालयं उघडी आणि डॉक्टर गायब असं चित्र होऊ शकलं असतं.

बेव्हनने फोडाफोड कशी केली, क्रमाने:

आधी तज्ज्ञ. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अध्यक्ष मोरन, चर्चिलचा डॉक्टर. त्याच्याशी बेव्हनचं जमलं. खासगी खाटा, अर्धवेळ करार, गुणवत्ता भत्ता हे सगळं याच टेबलावरचं. मार्च १९४८ मध्ये मोरनविरुद्ध बीएमएच्या कट्टर गोटातला लॉर्ड हॉर्डर उभा राहिला आणि मोरन १७० विरुद्ध १६५ असा फक्त ५ मतांनी टिकला. तो हरला असता तर पुढचं सगळंच अवघड होतं.

मग फॅमिली डॉक्टर. त्यांची खरी भीती पगारी नोकर व्हायची. मोबदल्यात वर्षाला ३०० पौंडांची ठरावीक रक्कम होती, तिला ते पगाराची पहिली पायरी समजत होते. ७ एप्रिल १९४८ ला बेव्हनने संसदेत सांगितलं की ती रक्कम नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या पहिल्या तीन वर्षांपुरती, बाकीच्यांना ऐच्छिक, आणि पूर्ण पगारी सेवा नुसता सरकारी नियम करून मागच्या दाराने आणता येणार नाही अशी दुरुस्ती कायद्यात करू. ती दुरुस्ती १९४९ ला झाली.

मे महिन्यात पुन्हा कौल: विरोधात २५,८४२, बाजूने १४,६२०. अजूनही बहुमत विरोधात, पण बीएमएने लढायला लागणारा जो आकडा ठरवला होता तो गाठला नाही. संघटनेने माघार घेतली. सप्टेंबरपर्यंत ९३ टक्के लोक यादीत आले होते.

रानजाई

@काळा कातळ, या क्रमातूनच माझा मुद्दा निघतो. फॅमिली डॉक्टर शेवटी एका लेखी आश्वासनावर आले. म्हणजे त्यांना पैसा नको होता, हमी हवी होती. तज्ज्ञांना मात्र त्याआधीच रोख दिलं गेलं. त्यांच्या तोंडात सोनं कोंबलं, असं बेव्हन स्वतः म्हणाल्याचं सांगतात.

पिंपळपान

ट्रेडेगरबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. बेव्हनच्या डोक्यातला नकाशा तिथला होता. ट्रेडेगर मेडिकल एड सोसायटी: खाणकामगार आणि पोलादकामगारांच्या मजुरीतून दर पौंडामागे ३ पेन्स कापले जायचे. तेव्हा पौंडात २४० पेन्स, म्हणजे सव्वा टक्का. त्यात पाच डॉक्टर, एक सर्जन, औषध देणारे दोघे, दंतवैद्य, फिरती परिचारिका, आणि घरातली बायका-मुलंही धरलेली. १९११ च्या सरकारी विम्यात फक्त कामगार होता, त्याचं कुटुंब नव्हतं. विसाच्या दशकात गावातले जवळपास सगळेच या सोसायटीत होते. बेव्हन तिथल्या छोट्या रुग्णालयाच्या समितीवर होता, १९२९-३० ला अध्यक्षही. सबंध देशाचं ट्रेडेगर करायचं, ही त्याची इच्छा होती.

त्याचे वडील फुप्फुसांत धूळ साठून १९२५ ला गेले. खाणीचा विषय निघाला की त्याच्या भाषणाला जी धार यायची ती इथली.

उंबरठा

@पिंपळपान, हे सगळं खरं, पण ट्रेडेगरची दुसरी बाजू या धाग्याला जास्त उपयोगाची आहे. तिथे डॉक्टर कामगारांच्या समितीचे नोकर होते. बीएमए अशा क्लब-प्रॅक्टिसशी एकोणिसाव्या शतकापासून भांडत आली होती: वर्गणीदारांची समिती डॉक्टरला ठेवणार, काढणार, पैसे ठरवणार. १९४८ ला डॉक्टरांना 'पगारी नोकरी' म्हटल्यावर जो संताप यायचा तो नुसता स्वार्थ नव्हता, त्याला ही आठवण होती. बेव्हनला ती भीती आतून माहीत होती, कारण तो त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला. म्हणून त्या बाबतीत तो लवकर हलला.

दीपमाळ

थोडं अवांतर. बेव्हन लहानपणी तोतरा बोलायचा. अडणारा शब्द आला की तेवढ्यात दुसरा शोधायचा, आणि त्यासाठी ट्रेडेगरच्या कामगार वाचनालयातली पुस्तकं वाचून वाचून शब्दसंग्रह वाढवला. चर्चिलला युद्धाच्या ऐन मध्यात, जुलै १९४२ च्या अविश्वास ठरावावर, "पंतप्रधान वादामागून वाद जिंकतात आणि लढाईमागून लढाई हरतात" असं तोंडावर सुनावणारा माणूस तो हाच.

पण याच जिभेने नुकसानही केलं. सेवा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ४ जुलै १९४८ ला मँचेस्टरमध्ये हुजूर पक्षाला "किड्यामुंग्यांहून खालचे" म्हणाला. दुसऱ्या दिवशी जो मथळा आरोग्यसेवेचा असायला हवा होता त्यात हे वाक्य घुसलं. ॲटलींनी त्याला पत्र लिहून झापलं.

घाटवाट

घरबांधणीही त्याच्याच खात्यात होती हे विसरू नका. तेव्हाच्या आरोग्य खात्यात ती येत असे. बाँबने पडलेली शहरं, लाकूड आयात करायला डॉलर नाहीत, गवंडी सैन्यात. त्याने बांधकामाचे परवाने नगरपालिकेची चार घरं तर खासगी एक या प्रमाणात दिले. आणि तीन बेडरूमच्या घराचं किमान क्षेत्रफळ ७५० वरून ९०० चौरस फुटांवर नेलं, वर आणि खाली दोन संडास. १९४६ ला सुमारे ५५,००० घरं, १९४८ ला २,२७,००० च्या वर. नंतरचा हुजूर पक्षाचा घरबांधणीमंत्री मॅकमिलनने १९५३ ला तीन लाखांचा टप्पा ओलांडला म्हणून वाहवा होते, पण घरं आखूड करून. संख्येवर टीका झाली तेव्हा बेव्हन आकारावरून हलला नाही. मला त्याचं हे काम आरोग्यसेवेइतकंच मोठं वाटतं, कारण कोंदट खोलीतला क्षय औषधाने पुरा जात नाही.

शिलेदार

खर्चाचं काय? त्यावरूनच तर राजीनामा दिला ना?

हिशेबनीस

@शिलेदार, हो, पण दोन टप्प्यांत.

पहिल्या वर्षी चष्मे आणि दात यांनी अंदाज उधळले. दंतवैद्यांकडे ४० लाख लोक येतील असं धरलं होतं, आले ८५ लाख. चष्मे ५० लाखांहून जास्त गेले. वर्षानुवर्षं मोडक्या काडीचा चष्मा दोऱ्याने बांधून वापरणारी, हिरड्यांनी जेवणारी माणसं एकदम रांगेत आली. हा साठलेला अनुशेष होता, उधळपट्टी नव्हे. दंतवैद्यांना कामागणिक पैसे असल्याने त्यांचं उत्पन्न फुगलं, मग दर कापावे लागले. इथे योजनेत खरंच चूक होती.

१९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि औषधाच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग घ्यायचा अधिकार कायद्यात घालायला बेव्हनने स्वतः मान्यता दिली. तो वापरला नाही. पुढे १९५२ ला हुजूर पक्षाने वापरला.

१० एप्रिल १९५१: नवा अर्थमंत्री गेट्सकेल. कोरियातल्या युद्धामुळे तीन वर्षांचा शस्त्रखर्च ४७० कोटी पौंड. आणि त्याच अंदाजपत्रकात कवळी व चष्म्याची निम्मी किंमत पेशंटवर. त्यातून त्या वर्षी वाचणार १ कोटी ३० लाख. बेव्हन तेव्हा कामगारमंत्री होता. त्याच महिन्यात राजीनामा, पाठोपाठ हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन.

काळा कातळ

१९४९ ला शिलिंगाला मान्यता आणि १९५१ ला चष्म्यावरून राजीनामा, ही विसंगती आहे. त्याला अर्थमंत्रिपद हवं होतं, ते गेट्सकेलला मिळालं. परराष्ट्र खातं मॉरिसनला मिळालं. राजीनाम्यात हा सल नव्हता असं म्हणणं भाबडेपणा आहे. आणि त्या फुटीनंतर ऑक्टोबर १९५१ ला पक्ष हरला, हुजूर पक्षापेक्षा मतं जास्त मिळवूनही.

हिशेबनीस

सल होताच. पण राजीनाम्याच्या भाषणातला मुख्य मुद्दा तपासा. एवढी शस्त्रं बनवायला कच्चा माल आणि यंत्रं मिळणारच नाहीत, आकडा कागदावरच राहील, असं तो म्हणाला. डिसेंबर १९५१ मध्ये चर्चिलनेच कार्यक्रम लांबवला आणि बेव्हन या बाबतीत बरोबर ठरल्याचं सभागृहात कबूल केलं. शिवाय आरोग्यसेवा देशाला परवडत नाही हे तपासायला नेमलेल्या गिलबॉ समितीने १९५६ ला उलटंच सांगितलं: राष्ट्रीय उत्पन्नातला सेवेचा वाटा १९४९-५० ला ३.७५ टक्के होता, तो १९५३-५४ ला ३.२५ वर आला. चष्म्याचा १ कोटी ३० लाख घेऊन कुणीही वाचलं नाही.

खडीसाखर

आपल्याकडची आरोग्यसेवेसाठी नेमलेली भोर समिती याच काळातली ना? तिने डॉक्टरांबद्दल काय म्हटलं होतं?

पिंपळपान

हो. सर जोसेफ भोर, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यात बिशप्स आणि डेक्कन कॉलेजमध्ये. समिती ऑक्टोबर १९४३ ची, अहवाल १९४६ चा. पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारले जाऊ नयेत हे तत्त्व तिथेही आहे. रानजाईंच्या प्रश्नावर भोर समिती बेव्हनपेक्षा कडक होती: पूर्णवेळ पगारी सरकारी डॉक्टर, आणि त्यांना खासगी प्रॅक्टिस बंद. दूरच्या आराखड्यात १० ते २० हजार वस्तीमागे ७५ खाटांचं रुग्णालय. पण तिच्या शिफारशी राबवायला बेव्हनसारखा खात्याचा मंत्री आणि तिजोरी दोन्ही नव्हती.

तिठा

१९५१ नंतरचं थोडक्यात, नाहीतर चित्र अर्धं राहील. १९५५ च्या नेतेपदाच्या निवडणुकीत गेट्सकेल १५७, बेव्हन ७०, मॉरिसन ४०. मग त्याच गेट्सकेलचा परराष्ट्र प्रवक्ता. ऑक्टोबर १९५७ ला ब्रायटनच्या अधिवेशनात एकतर्फी अण्वस्त्रत्यागाला विरोध केला आणि ज्यांनी त्याला पंधरा वर्षं डोक्यावर घेतलं होतं ते चेहरे पडले. १९५९ ला उपनेता. ६ जुलै १९६० ला पोटाच्या कर्करोगाने गेला, सेवेला बारा वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

उंबरठा

मूळ प्रश्नावर परत येते. माझ्या मते महागात पडलेली तडजोड डॉक्टरांशी केलेली नव्हती, रचनेतली होती. रुग्णालयं प्रादेशिक मंडळांकडे, फॅमिली डॉक्टर कार्यकारी परिषदांकडे, आणि सुईण, आरोग्यसेविका, लसीकरण, रुग्णवाहिका हे नगरपालिका-काउंटीकडे राहिलं. एका गरोदर बाईचे कागद तीन वेगळ्या कार्यालयांत. तपासणी एकीकडे, बाळंतपण दुसरीकडे, घरी येणारी सुईण तिसरीकडची. म्हातारा बरा झाला तरी घरी मदतनीस मिळत नाही म्हणून रुग्णालयाची खाट अडून राहायची, कारण मदतनीसाचा खर्च नगरपालिकेचा आणि खाटेचा सरकारचा. हे १९७४ पर्यंत चाललं. मॉरिसनला घरच्या भांडणात हरवल्यावर नगरपालिकांना काहीतरी ठेवावं लागलं, त्याची ही किंमत.

रानजाई

@उंबरठा, हा विचार मी केला नव्हता. फॅमिली डॉक्टरांबद्दलचं माझं म्हणणं मागे घेते. ३०० पौंडांवर अडून बसला असता तर ५ जुलै हुकला असता हे पटलं.

खासगी खाटांबद्दल मात्र मत तेच. १९७० च्या दशकात मजूर सरकारमधली मंत्री बार्बरा कॅसल त्या काढायला गेली तेव्हा तज्ज्ञांनी कामच रोखून धरलं. १९७६ च्या कायद्याने १,००० खाटा ताबडतोब गेल्या, उरलेल्या एका मंडळामार्फत हळूहळू जाणार होत्या, आणि १९८० ला थॅचर सरकारने ते मंडळच मोडलं. तेव्हा मोरनपुढे सोडलेली गोष्ट तीस वर्षांनी परत मिळाली नाही.

काळा कातळ

@रानजाई, खाटा दिल्या नसत्या तर तज्ज्ञ दुपारनंतर खासगी नर्सिंग होममध्ये गेले असते, आणि वॉर्डात अडचण आली की सापडले नसते. आठवड्याची अर्ध्या दिवसाची ११ सत्रं धरली होती, अर्धवेळवाल्याला जास्तीत जास्त ९. खासगी पेशंट त्याच इमारतीत असला तर उरलेल्या दोन सत्रांतही सर्जन जिना उतरून येऊ शकतो, हा बेव्हनचा हिशेब होता. लहान गावांच्या रुग्णालयांना पूर्ण शिकलेला सर्जन पहिल्यांदा मिळाला तो याच करारांमुळे. त्याआधी तिथे गावचा फॅमिली डॉक्टरच अपेंडिक्स कापायचा.

रानजाई

जिन्याचा मुद्दा चांगला आहे. पण खासगी पेशंट त्याच जिन्यावरून रांग मोडून वर जात होता, त्याचं काय?